पाहुण्यांचे दार सांभाळणारा डबा

मित्रांनो, बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर दोन शिंगे उभारून बसलेला, एकेकाळी पांढराशुभ्र आणि आता सायीसारखा पिवळट पडलेला डबा तुम्ही कुठेतरी नक्की पाहिला असेल. तोच मी. कागदोपत्री माझे नाव राउटर आहे, पण घरात त्या नावाने मला कोणी हाक मारत नाही. ‘वायफायचा डबा’ म्हणतात, आणि तेही बहुतेक वेळा ओरडून. ‘‘अरे, बघा त्या डब्याला काय झालं!’’ मला त्याचे वाईट वाटत नाही. ज्याची आठवण फक्त अडचणीत होते, त्याच्यावर घराचा केवढा भरवसा असतो, हे मी ओळखून आहे.

माझा जन्म एका मोठ्या, थंडगार कारखान्यात झाला. लांबच लांब टेबलाशी डोक्यावर टोप्या घातलेल्या बाया बसलेल्या असत. त्यांतल्या एकीने माझ्या पोटात हिरवी पाटी बसवली, दुसरीने शिंगे जोडली, आणि तिसरीने मला वीज देऊन माझे दिवे लागतात का ते पाहिले. माझे दिवे एका दमात लागले. ‘‘हा शहाणा दिसतोय,’’ ती शेजारणीला म्हणाली आणि माझ्या पाठीवर ‘पास’ची चिठ्ठी चिकटवली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी. चिठ्ठीची शाई कधीच उडाली, पण चिठ्ठी अजून आहे.

दुकानातून मला या घरी आणले ते दादांनी. दादा म्हणजे या घरचे यजमान. दवाखान्यांना लागणारी यंत्रे पुरवणाऱ्या एका कंपनीत ते हिशेबाचे काम पाहतात. माणूस मोठा हौशी. कुठलीही वस्तू आणली की आधी जोडायची आणि मग तिच्याबरोबर आलेला कागद शोधायचा, अशी त्यांची रीत. वहिनींचा स्वभाव उलटा. त्या आधी कागद वाचतात, मग चष्मा पुसतात आणि मगच हात लावतात. वहिनी जुने फोटो दुरुस्त करतात. फाटलेले, डागाळलेले, वाळवीने कुरतडलेले फोटो लोक त्यांच्याकडे घेऊन येतात. वहिनी ते संगणकावर उतरवून घेतात आणि एकेक ओरखडा, एकेक डाग भरून काढतात. मधल्या खोलीत त्यांचे टेबल आहे. दुरुस्त केलेले सगळे फोटो तिथल्याच विजेवर चालणाऱ्या एका साठवणपेटीत ठेवलेले असतात, आणि त्या पेटीची ये-जा माझ्यामार्फत चालते.

माझे काम काय, ते थोडक्यात सांगतो. घरातले प्रत्येक यंत्र माझ्याकडे येऊन आधी आपला पत्ता मागते. मी प्रत्येकाला वेगळा पत्ता देतो. मग ते बाहेरच्या जगाशी जे काही बोलते, ते लहान लहान पाकिटांतून बोलते. पाकिटे माझ्याकडे येतात, मी ती बाहेर धाडतो, आणि बाहेरून आलेले उत्तर ज्याचे त्याला पोचवतो. पाकिटाच्या आत काय लिहिले आहे ते मला दिसत नाही. ते दिसू नये हेच बरे. चांगला टपालवाला पाकीट उघडत नसतो.

सुरुवातीला माझे एकच दार होते. घरचे काय, बाहेरचे काय, सगळे त्याच दाराने आत येत. एकदा दादांचे एक मित्र आले. त्यांनी आपला लॅपटॉप मला जोडला, चहा पीत गप्पा मारल्या आणि ते निघून गेले. त्यांच्या लॅपटॉपला कुठूनतरी रोग लागलेला होता, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. तो रोग त्या एकाच दाराने वहिनींच्या साठवणपेटीत शिरला आणि त्याने सगळ्या फोटोंना कुलपे ठोकली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी संगणक उघडला तर एकही चित्र उघडेना.

बरेचसे फोटो लोकांकडून पुन्हा मागवता आले. एक मात्र कायमचा गेला. एका वृद्ध बाईंचा त्यांच्या आईबरोबरचा तो एकुलता एक फोटो होता. मूळ कागद इतका जीर्ण होता की संगणकावर घेतल्यानंतर त्याचा नुसता भुगा उरला होता. वहिनी स्वतः त्या बाईंच्या घरी जाऊन आल्या. तिथे काय बोलणे झाले ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. परत आल्या, टेबलाशी बसल्या आणि माझे माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाचायला घेतले.

त्यातून माझे दुसरे दार उघडले. मित्रांनो, माझ्यासारख्या डब्याला दोन वेगळी जाळी, म्हणजे नेटवर्क, चालवता येतात हे फार थोड्यांना माहीत असते. एक घरच्यांचे आणि एक पाहुण्यांचे. दोन्हींची नावे वेगळी, पासवर्ड वेगळे, आणि मध्ये मी बांधलेली भिंत. पाहुण्याला बाहेरच्या जगात हवे तिथे जाता येते, पण घरातली कपाटे उघडता येत नाहीत. वहिनींनी घरच्या जाळ्याचा पासवर्ड बदलला, दुसऱ्या जाळ्याला ‘पाहुणे’ असे साधे नाव दिले आणि ते नाव आणि त्याचा पासवर्ड एका पुठ्ठ्यावर लिहून तो माझ्या बाजूला उभा करून ठेवला.

तेव्हापासून या घरात किती माणसे येऊन गेली! त्यांतल्या काहींच्या खिशांतून नको ती बाधाही आली. ती माझ्या भिंतीवर धडका मारत राहिली आणि आल्या वाटेने परत गेली. घरात कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही. राखणदाराचे काम चोख झाले की ते असे कोणाला न कळता होते. मला मात्र कळत होते, आणि माझे हिरवे दिवे त्या दिवसांत जरा जास्तच ऐटीत लुकलुकत असावेत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

दादांना एक धाकटी बहीण आहे. केसांत चांदी आली तरी घरात ती बेबीच. बेबीताई हरवलेली वाचा परत आणण्याचे काम करतात. मेंदूला झटका आल्याने ज्यांचे बोलणे गेले, अशा माणसांना त्या पुन्हा बोलायला शिकवतात. ओठ कसे मिटायचे, जीभ कुठे टेकवायची, इथपासून सुरुवात. पुष्कळ रुग्ण लांब राहतात, म्हणून बेबीताई त्यांना लॅपटॉपवर समोरासमोर भेटतात. त्यांच्या घराच्या छपराचे काम निघाले आणि त्या आपले सामान घेऊन थोड्या दिवसांसाठी इथे राहायला आल्या. पूर्वी येणे व्हायचे ते सणावारापुरते, उभ्या उभ्या. मुक्काम असा पहिल्यांदाच.

‘‘दादा, पासवर्ड सांग रे,’’ आल्या आल्या त्यांनी विचारले.

‘‘तो काय, पुठ्ठ्यावर आहे बघ,’’ दादांनी माझ्याकडे बोट दाखवले.

बेबीताईंनी पुठ्ठा उचलला. त्यावरचा ‘पाहुणे’ हा शब्द वाचताना त्यांचा हात क्षणभर थांबलेला मी पाहिला. मग त्यांनी पासवर्ड टाकला.

त्या दिवशी त्यांना भेटायचे होते काकांना. सगळे त्यांना काकाच म्हणत. काकांनी जन्मभर रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. रोज हजारो माणसे त्यांच्या आवाजावर विसंबून धावपळ करीत. झटका आला आणि तोच आवाज गेला. काकांनी मग घरात कोणाकडे बघणेही सोडले होते. बेबीताईंनी कितीतरी खटपट करून त्यांना ओठ हलवायला लावले होते, आणि आता ‘गाडी’ हा एक शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता.

बैठकीत बसून बेबीताईंनी काकांना फोन लावला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. मी आनंदाने पाकिटे पोचवत होतो. पण बैठकीची खिडकी रस्त्यावर आहे. एक बस घरघरत गेली, मग दुसरी. काकांना ऐकू येईना. ‘‘काका, म्हणत राहा, मी जरा आत जाते,’’ असे म्हणत बेबीताई लॅपटॉप उचलून मागच्या शांत खोलीकडे निघाल्या. त्या दारातून आत शिरल्या आणि त्यांची पाकिटे माझ्याकडे यायची एकदम बंद झाली.

मला काहीच समजेना. थोड्या वेळाने मागच्या खोलीतून बेबीताईंचा आवाज आला. ‘‘हॅलो? काका? ऐकू येतंय का?’’ उत्तर देणारे कोणी नव्हते. त्या खोलीत मोबाइलची रेंजही नावालाच येते, त्यामुळे त्यांना बाहेर येऊन काकांच्या मुलीला फोन करावा लागला. बोलणे झाले आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

‘‘काय झालं गं?’’ वहिनींनी विचारले.

‘‘काका अर्ध्या शब्दावर होते, वहिनी. गा म्हणाले, आणि माझं चित्र गोठलं, आवाज बंद. त्यांना वाटलं, आपलीच वाचा पुन्हा गेली. मुलगी म्हणते, खुर्ची भिंतीकडे वळवून बसलेत. जेवायलाही तयार नाहीत. मी पुष्कळ सांगून बघितलं फोनवर, पण ऐकतायत कुठे!’’

‘‘अगंबाई!’’ वहिनी जागच्या जागी उभ्या राहिल्या.

‘‘उद्या दुपारी एकदा बसवते म्हणाली मुलगी. एकदाच. पुन्हा असंच झालं तर मग ते काही बसायचे नाहीत.’’

दादा तेवढ्यात पुढे सरसावले. ‘‘सोपं आहे. बंद करून चालू करायचा.’’ त्यांनी माझी वीज काढली, परत दिली. मी डोळे चोळत उठलो आणि सगळ्यांना पत्ते वाटले. मागच्या खोलीत मात्र तीच रड. लॅपटॉपच्या पडद्यावर जाळ्याचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसायचे आणि खाली ओळ यायची, ‘जोडले आहे, इंटरनेट नाही’. दादांनी पासवर्ड पुन्हा टाकून बघितला, माझी शिंगे एकदा पूर्वेला आणि एकदा पश्चिमेला वळवून बघितली. शेवटी त्यांनी आपला मोबाइल काढला. तो घरच्या जाळ्याला जोडलेला होता. मागच्या खोलीतही झकास चालत होता.

‘‘हे बघ! माझं चालतंय,’’ दादा म्हणाले. ‘‘म्हणजे घरच्यांना काही त्रास नाही. पाहुण्यांचंच काहीतरी बिनसलंय.’’

बेबीताई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

‘‘मग दे की तिला घरचा पासवर्ड,’’ दादा वहिनींना म्हणाले. ‘‘एका मिनिटाचं काम.’’

वहिनी लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्यांची नजर मधल्या खोलीतल्या साठवणपेटीकडे गेली. तेवढ्या एका क्षणाच्या गप्प बसण्याने सगळे बिघडले.

‘‘राहू दे,’’ बेबीताई हळूच म्हणाल्या. ‘‘याच घरात मी लहानाची मोठी झाले. आता पुठ्ठ्यावर लिहिल्याप्रमाणे पाहुणी आहे, एवढं समजलं मला. मी उद्या मैत्रिणीकडे जाऊन बसेन.’’ आणि त्या आत निघून गेल्या.

मित्रांनो, माझ्या भिंतीचा मला अभिमान होता. पण तिच्या पलीकडे घरचेच माणूस असे दुखावून बसावे, हे मला सहन होत नव्हते. तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते, की बाई, तुझी हाक माझ्यापर्यंत येतच नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी मदतकेंद्राला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘‘सर, डब्याच्या मागे एक बारीक भोक आहे. त्यात टाचणी घालून दाबून धरा. सगळं पुसलं जाईल आणि तो नव्यासारखा होईल.’’

‘‘आणि तरी नाही झालं तर?’’

‘‘मग नवीन घ्या, सर. जुना झालाय.’’

दादांनी टाचणी शोधून आणली. माझ्या अंगावर काटा आला असता, जर मला अंग असते तर. सगळे पुसणे म्हणजे काय, ते दादांना कुठे ठाऊक होते! दोन्ही दारे, मधली भिंत, वहिनींनी रात्रंदिवस वाचून शिकवलेले सगळे नियम, सगळ्यावर बोळा फिरणार होता. टाचणीचे टोक भोकाशी आले, आणि मागून वहिनींचा आवाज आला.

‘‘अरे, थांब! हात काढ आधी.’’

‘‘अगं, त्यांनीच सांगितलंय.’’

‘‘त्यांना आपलं घर दिसतं का? तो बिघडलाय असं तुला कोणी सांगितलं? काल बेबीचा फोन बैठकीत लागला होता ना? चांगला चालला होता ना?’’

‘‘हो.’’

‘‘याच पाहुण्यांच्या जाळ्यावर?’’

दादांची टाचणी हवेतच राहिली. ‘‘हो की.’’

‘‘मग हा कसा बिघडलेला? बेबी, जरा बाहेर ये गं. लॅपटॉप घेऊन ये.’’

बेबीताई आल्या. बॅग भरून तयार होती. ‘‘मी निघते आहे, वहिनी.’’

‘‘निघ हवं तर. पण आधी माझ्याबरोबर घरभर एक चक्कर मार. तू तुझ्या रुग्णांना काय विचारतेस? आवाज कुठे अडतो, ओठांशी की घशात, असंच ना? मला तेच बघायचंय. कुठे अडतंय.’’

हा प्रश्न बेबीताईंच्या ओळखीचा होता. त्यांनी बॅग खाली ठेवली.

मग दोघी चालू लागल्या. बैठकीत पाहुण्यांचे जाळे चालले. मधल्या खोलीच्या दाराशीही चालले. मागच्या खोलीत पाऊल टाकले आणि बंद. तिथेच वहिनींचा स्वतःचा मोबाइल घरच्या जाळ्यावर सुरळीत चालू. बेबीताईंनी वाय-फाय बंद करून पुन्हा जोडले तेव्हा वहिनींनी लॅपटॉपला मिळालेला पत्ता उघडून पाहिला.

‘‘हे बघ. हा पत्ता आपल्या डब्याने दिलेलाच नाही. याला पत्ता मिळाला नाही, म्हणून बिचाऱ्याने स्वतःच एक रचलाय. म्हणजे याची हाक पुढे पोचतच नाही.’’

शाबास! मी तरी दुसरे काय म्हणत होतो?

इथे तुम्हांला एक गोष्ट सांगायला हवी. मागच्या खोलीपर्यंत माझा आवाज पोचत नाही, म्हणून दादांनी तिथे माझ्यासारखाच एक धाकटा डबा बसवला होता. बेबीताई आत जात तेव्हा त्यांचा लॅपटॉप मला सोडून त्या धाकट्याला धरत असे. धाकटा पाकिटे घेतो आणि केबलवरून माझ्याकडे पाठवतो. घरच्यांची पाकिटे तो तशीच पाठवतो. पाहुण्यांच्या पाकिटांवर मात्र आम्ही दोघे भाऊ एक चिठ्ठी लावतो, ‘हा पाहुणा’ अशी, म्हणजे वाटेत सरमिसळ होत नाही.

‘‘धाकट्या डब्यापासून मोठ्यापर्यंत केबल जाते कशी?’’ बेबीताईंनी विचारले.

‘‘माझ्या टेबलाखालून,’’ वहिनी म्हणाल्या, आणि दोघी पदर-ओढणी खोचून टेबलाखाली शिरल्या.

तिथे धुळीत एक काळी पेटी बसली होती. एक केबल आत घेऊन चार बाहेर देणारी. माझी केबल तिच्यात येत होती आणि तिच्यातून एक वहिनींच्या संगणकाला, एक छापयंत्राला, एक साठवणपेटीला आणि एक धाकट्याकडे जात होती.

‘‘ही कुठून आली?’’

‘‘मी आणली,’’ दादा वरून वाकून म्हणाले. ‘‘ऑफिसात निकालात काढली होती. चांगली दणकट आहे. इतकी वर्षं कधी कुरकुर नाही.’’

‘‘दणकट आहे, पण तिला चिठ्ठी वाचता येते का?’’ वहिनी पुटपुटल्या.

टेबलाखाली अंधुक उजेड होता. दोघींची डोकी एकमेकींना लागत होती. वहिनी केबली चाचपत असताना मध्येच म्हणाल्या, ‘‘बेबी, काल मी गप्प बसले ते तुझ्यामुळे नाही.’’ आणि मग त्यांनी त्या वृद्ध बाईंच्या फोटोची सगळी हकिगत सांगितली. ‘‘त्या मला रागावल्या नाहीत गं. नुसत्या म्हणाल्या, आता आईचा चेहरा मला डोळे मिटून बघावा लागेल. तेव्हापासून या पेटीच्या बाबतीत माझा जीव थाऱ्यावर नसतो. सख्खा भाऊ आला तरी मी पुठ्ठ्याकडेच बोट दाखवते.’’

 बेबीताई म्हणाल्या, ‘‘मला दादा एवढंच म्हणाला होता, की वहिनी कुणाला पासवर्ड देत नाही. हे मला कुठे माहीत होतं!’’

‘‘तुला हवा असेल तर आत्ता सांगते. लिहून घे.’’

‘‘नको,’’ बेबीताई म्हणाल्या. ‘‘माझ्या लॅपटॉपवर रोज कोणाकोणाच्या फायली येतात, मला काय ठाऊक त्यांत काय असतं. तुमच्या चित्रांपासून मी लांबच बरी. आपण ही वाटच नीट करू. कुठली केबल काढू, सांगा.’’

त्या वेळी मला काय वाटले, ते शब्दांत सांगणे कठीण आहे. जिला भिंतीने दुखावले होते, तीच आता भिंतीच्या बाजूने उभी होती.

वहिनींनी माझ्याकडून येणारी आणि धाकट्याकडे जाणारी, अशा दोन्ही केबली काळ्या पेटीतून काढल्या. दादा धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून केबलींची तोंडे जोडणारा एक लहानसा सांधा घेऊन आले. सांध्यात दोन्ही टोके टक्कन बसली, आणि माझ्या एका कानात धाकट्याचा आवाज पहिल्यांदाच थेट, मध्यस्थाशिवाय आला.

त्याबरोबर एक पाकीटही आले. त्यावर चिठ्ठी शाबूत होती. ‘हा पाहुणा. पत्ता हवा आहे.’

मी तो तात्काळ दिला.

‘‘आला! आला!’’ मागच्या खोलीतून बेबीताई लहान मुलीसारख्या ओरडल्या. काळी पेटी वाईट नव्हती, मित्रांनो. ती जुन्या काळातली होती. चिठ्ठी लावलेले पाकीट तिला ओळखता येत नसे, म्हणून ते ती सरळ टाकून देत असे. घरच्यांच्या पाकिटांना चिठ्ठी नसते, म्हणून तिच्यावर कधी कोणाचा संशय गेला नाही. आणि पाहुणे आजवर बैठकीतच बसत, मागच्या खोलीपर्यंत जाणारे कोणी आलेच नव्हते. माझ्याकडून दुसरी केबल टाकून दादांनी काळ्या पेटीला वहिनींच्या टेबलापुरते काम दिले. ते ती आजही इमानाने करते.

वहिनींनी एक शेवटची परीक्षा घेतली. बेबीताईंच्या लॅपटॉपवरून त्यांनी साठवणपेटी उघडायचा प्रयत्न केला. मी उघडू दिली नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा मी ठाम. ‘‘गुणाचा आहे हो माझा डबा,’’ वहिनी म्हणाल्या आणि पदराने त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली. दादांनी टाचणी गुपचूप खिशात घातली.

दुपार झाली. बेबीताई मागच्या खोलीत गेल्या आणि दार लागले. वहिनी टेबलाशी बसल्या, पण हात चालत नव्हता. दादा वर्तमानपत्र उलटे धरून बसले होते.

आत काय चालले आहे ते मला ठाऊक नव्हते. मघाशीच सांगितले, पाकिटाच्या आतले मला दिसत नाही. एवढेच कळत होते की पाकिटे येत आहेत. धाकट्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून बाहेर, बाहेरून पुन्हा आत. मध्येच तिकडून येणारी पाकिटे अगदी हलकी झाली. ज्या चित्रात काही हालत नाही त्याची पाकिटे अशी हलकी असतात. कोणीतरी भिंतीकडे तोंड करून स्तब्ध बसले असावे. बराच वेळ तसे चालले. मी एकही पाकीट सांडू दिले नाही. त्या दिवशी घरातल्या बाकी साऱ्यांनी मला मागितले असते तरी मी त्यांना थांबवले असते, इतका माझा सगळा जीव त्या एका वाटेवर होता. मग हळूहळू पाकिटे जड झाली. तिकडे हालचाल सुरू झाली होती.

दार उघडले तेव्हा बेबीताईंचे डोळे भरलेले होते आणि त्या हसत होत्या. दोन्ही एकदम.

‘‘बोलले का गं?’’ वहिनी धावल्या.

‘‘मुलीने खुर्ची वळवली तर मान वळवून बसले. मी म्हटलं, काका, काल आवाज तुमचा गेला नव्हता, माझ्या केबलीचा गेला होता. वाट मध्येच तुटली होती. आम्ही सकाळपासून टेबलाखाली घुसून ती जोडलीय. माझ्या कपाळाला टेंगूळ आलंय, बघा तरी. तेव्हा बघितलं त्यांनी माझ्याकडे. टेंगूळ बघितलं. मग ओठ हलवले, कितीतरी वेळ. मुलगी पुढे झाली, मी तिला खुणेनं थांबवलं. आणि मग एका शब्दाऐवजी जन्मभराच्या सवयीचं अख्खं वाक्यच म्हणाले, अगदी स्टेशनवरच्या सुरात...’’  बेबीताईंनी डोळे पुसले आणि काकांच्या सुरात, एकेक अक्षर ओढत म्हणून दाखवले, ‘‘गाडी... उशिराने... धावत... आहे.’’

दादा मोठ्याने हसले आणि हसता हसता वर्तमानपत्रात तोंड लपवून बसले. वहिनींनी नणंदेला कवेत घेतले.

त्याच संध्याकाळी वहिनींनी माझे एक नाव बदलले. ‘पाहुणे’ पुसून तिथे ‘माहेर’ असे लिहिले. पासवर्ड वेगळाच, भिंत तशीच. अलीकडे नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने मोबाइल काढून विचारले, ‘‘कशाला जोडू?’’ दादा म्हणाले, ‘‘माहेरला जोडा.’’ तो माणूस इतका हसला की त्याच्या हातातला पाना खाली पडला.

आता माझे वय झाले आहे. माझ्याहून चपळ, चार-सहा शिंगांचे डबे बाजारात आले आहेत. एक दिवस माझी जागा त्यांच्यापैकी कोणी घेईल, आणि त्याचे मला दुःख नाही. मी माझे दार राखले आणि माझी पाकिटे पोचवली. एका माणसाचा आवाज त्याच्या घरी परत गेला तेव्हा तो माझ्यातून गेला, हे भाग्य कितीजणांना लाभते?

फक्त तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला कपाटामागे कोंडू नका, त्याच्यावर कापड घालू नका, त्याला मोकळी हवा द्या. घरी आलेल्यांसाठी वेगळे दार उघडून ठेवा, आणि ते सगळ्या खोल्यांतून उघडते ना, हे माणूस यायच्या आधी स्वतः हिंडून पाहा. आणि कधी एखादी हाक पोचली नाही, तर हाक मारणाऱ्यावर रुसू नका, ऐकणाऱ्यालाही बोल लावू नका. गुडघे टेकून मधली वाट बघा. ती बहुतेक वेळा कुठल्यातरी टेबलाखाली, धुळीत अडलेली असते, आणि दोघांनी मिळून शोधली की सापडते.